मध्यरात्रीचं ऊन आणि बाईची रजा

आपल्या इतिहासाच्या गप्पांमध्ये आज जरा लांबच्या पाण्यात जायचं आहे. पृथ्वीच्या पार उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्याने जहाजं चालतात. त्या जहाजांवर देशोदेशीची जोडपी आठ-दहा दिवसांच्या निवांत सहलीला येतात. कठड्याला टेकून बसायचं, बर्फाचे डोंगर पाहायचे, आयतं जेवायचं आणि रात्री बारा वाजता सूर्य बघायचा. हल्ली मोबाइलवर असे व्हिडिओ आपल्यालाही दिसतात. ते बघून गटातल्या बायका हसतात आणि म्हणतात, "हे आपल्यासाठी नाही गं बाई."

आम्ही सहयोगिनी म्हणून गावोगावच्या गटांत जातो, तेव्हा हे वाक्य आमच्या कानावर फार पडतं. म्हणून या सफरीचा इतिहास सांगावासा वाटला. हे जहाज मुळात कुणासाठी निघालं, त्यावर पहिल्यांदा बाई कशी चढली आणि बाईच्या विसाव्याचा खर्च कुणी उचलायचा, हे सगळं त्या इतिहासात आहे.

आधी जागा समजून घेऊ. नॉर्वेचा किनारा खूप लांब आणि फाटक्या पदरासारखा आहे. समुद्राची पाती डोंगरांच्या आत मैलोनमैल शिरलेली आहेत. त्यांना तिकडे फ्योर्ड म्हणतात. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला नॉर्थ केप नावाचा उभा कडा आहे, समुद्रापासून ३०७ मीटर उंच. पृथ्वी थोडी कलून फिरते, त्यामुळे उन्हाळ्यात तिचा उत्तरेचा माथा सतत सूर्याकडे राहतो. नॉर्थ केपला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. हिवाळ्यात याच्या उलट घडतं. साधारण दोन महिने तो उगवत नाही.

आपल्या लोकमान्य टिळकांनी याच दीर्घ दिवस-रात्रीवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. वेदांतल्या लांबलचक उषेची वर्णनं वाचून त्यांनी असं मांडलं, की आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ असावं. तो इंग्रजी ग्रंथ १९०३ साली निघाला. आजचे अभ्यासक त्यांचं ते मत मानत नाहीत. पण पुण्यात बसून एक माणूस ध्रुवाकडच्या पहाटेचा इतका बारीक विचार करत होता, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू.

एवढ्या उत्तरेला असूनही नॉर्वेचा समुद्र हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिक महासागरातून येणारा कोमट पाण्याचा प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यामुळे जहाजं बाराही महिने चालू शकतात. पुढची सगळी कथा या कोमट पाण्यावर उभी आहे.

आता पहिल्या जोडप्याची गोष्ट. साल १८३९. पॅरिसमध्ये लिओनी द'ओने नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. तिचा जोडीदार फ्रांस्वा बियार हा नावाजलेला चित्रकार. तो तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. फ्रान्स सरकारची एक शास्त्रीय मोहीम तेव्हा 'ला रशेर्श' नावाच्या जहाजातून उत्तरेच्या समुद्रात निघाली होती. पॉल गेमार तिचे प्रमुख होते. मोहिमेला चित्रकार हवा होता, म्हणून बियारला बोलावणं आलं. लिओनीने गेमार यांना सांगितलं, की मी त्यांचं मन वळवते, पण मग मलाही न्यायचं. हे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. अशा मोहिमेत बाईला जागा नव्हती. तिने ती सौदा करून मिळवली.

हॉलंड, डेन्मार्क असं करत ती नॉर्वेच्या उत्तरेला हॅमरफेस्ट गावी पोचली आणि तिथून मोहिमेच्या जहाजावर चढली. अंगात पुरुषी कपडे, कारण लांब झग्यात जहाजावर आणि बर्फात हालचाल करणं अवघड. जहाज स्पिट्सबर्गेन या बर्फाच्या बेटाला लागलं. तिथे झाड नाही, वस्ती नाही. किनाऱ्यावर जुन्या शिकारी खलाशांच्या कबरी होत्या. जहाज बर्फात अडकलं तर आपणही इथेच राहणार, ही भीती सगळ्यांनाच होती. या बेटावर पोचलेली पहिली बाई म्हणून लिओनीचं नाव इतिहासात घेतलं जातं. परतीला दोघांनी लॅपलँडचा दलदलीचा मुलूख घोड्यावरून पार केला.

घरी आल्यावर बियारने बर्फाच्या देशाची चित्रं रंगवली आणि त्याचं नाव झालं. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. लिओनीचं पुस्तक मात्र यायला १८५४ साल उजाडलं. मधल्या काळात काय झालं ते ऐका.

१८४५ साली लिओनी आणि फ्रान्सचे थोर लेखक व्हिक्टर ह्यूगो यांचे संबंध उघडकीला आले. नवऱ्याच्या तक्रारीवरून पोलिसांनी दोघांना एकत्र पकडलं. ह्यूगो तेव्हा वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते, त्यामुळे त्यांना अटक करता आली नाही. ते घरी गेले. लिओनीला बायकांच्या तुरुंगात टाकलं. त्या वेळच्या फ्रान्सच्या कायद्यात अशा गुन्ह्याला बायकोसाठी तीन महिने ते दोन वर्षं कैद होती. नवऱ्याने बाहेर काही केलं तर गुन्हाच नव्हता. त्याने दुसरी बाई राहत्या घरात आणून ठेवली तरच गुन्हा, आणि त्यालाही फक्त दंड.

तिने केलं ते बरोबर की चूक, यावर आपल्या बैठकीत दोन मतं पडतील. पण चूक दोघांची धरली, तर एक घरी आणि एक तुरुंगात हे कसं, यावर दोन मतं पडायचं कारण नाही. सुटल्यानंतर, नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर, लिओनीने लेखणीवर पोट भरलं. भावाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात तिने आपल्या उत्तरेच्या प्रवासाचं पुस्तक काढलं. ते लोकांनी आवडीने वाचलं. बियारची चित्रं आज मुख्यतः जाणकारांना ठाऊक आहेत. लिओनीचं पुस्तक अजून वाचलं जातं.

मैत्रिणींनो, आता नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बायकांकडे येऊ. त्या सहलीला आलेल्या नव्हत्या. त्यांचं घरच तिथे होतं.

दर हिवाळ्यात उत्तरेच्या थंड समुद्रातून कॉड नावाचे मासे अंडी घालायला लोफोटेन बेटांजवळ येतात. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. उत्तर नॉर्वेतले पुरुष उघड्या होड्या घेऊन त्या मासेमारीला जात. मासे लाकडाच्या उंच मांडवांवर टांगून, मीठ न लावता, गार वाऱ्यावर सुकवले जात. आपल्या किनाऱ्यावर कोळणी बांबूच्या मांडवावर बोंबील सुकवतात, तसंच काहीसं. फरक एवढाच, की इकडे उन्हाने सुकतं आणि तिकडे थंडीने.

पुरुष गेले की मागे घर, जनावरं, शेत, मुलं आणि म्हातारी माणसं बाईच्या गळ्यात. गवत कमी असायचं. मग बायका समुद्रातलं शेवाळ गोळा करून, माशांची डोकी शिजवून गाईंना घालायच्या. हे सगळं दिवसभर अंधार असलेल्या महिन्यांत. नवरा समुद्रात आहे आणि वादळ झालंय, एवढंच कळायचं. तो आहे की गेला, हे कळायला पत्राची वाट पाहायची. आपल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांनी मुंबईच्या मनीऑर्डरची अशीच वाट पाहिली आहे. त्यामुळे हे दुःख आपल्याला समजावून सांगायला नको.

पत्र किती दिवसांनी यायचं? ट्रोंडहाइम हे तिकडचं मोठं शहर. तिथून हॅमरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत लागत, असं सांगतात. उन्हाळ्यात बोटी होत्या. हिवाळ्याच्या अंधारात मात्र खडकाळ किनाऱ्याने रात्री बोट हाकायला कुणी धजत नसे.

सरकारने ठरवलं, की बाराही महिने चालणारी जलद बोट सुरू करायची आणि तिचा तोटा तिजोरीतून भरून द्यायचा. मोठ्या कंपन्यांना विचारलं. त्यांनी नकार दिला. ट्रोंडहाइमच्या उत्तरेला सगळे मिळून २८ दीपस्तंभ होते आणि समुद्राचे नकाशे फक्त दोन. अशा वेळी एका लहान कंपनीचे कप्तान रिचर्ड विथ पुढे आले. त्यांची कंपनी स्टॉकमार्कनेस या छोट्या गावातली. विथ आणि त्यांचे वाटाडे अँडर्स होल्टे यांनी आधीपासून एक काम शिस्तीने केलं होतं. दिशा कुठली, वेग किती, वळण किती मिनिटांनी, हे सगळं ते प्रत्येक फेरीला वहीत टिपून ठेवत. त्या वहीच्या, घड्याळाच्या आणि होकायंत्राच्या आधाराने अंधारातही बोट नेता येईल, असं त्यांनी सांगितलं.

२ जुलै १८९३ या दिवशी 'वेस्टरोलेन' ही बोट ट्रोंडहाइमहून सुटली आणि ६७ तासांत हॅमरफेस्टला लागली. या सेवेचं नाव पडलं हुर्टिगरुटेन, म्हणजे जलद मार्ग. आपल्या गटांत नोंदवहीचा कंटाळा करणाऱ्या ताई असतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. मोठ्या कंपन्यांनी जे नाकारलं, ते एका लहान गावाच्या कंपनीने वहीच्या भरवशावर करून दाखवलं.

सुरुवातीला आठवड्याला एक फेरी होती. १८९८ पासून बोट दक्षिणेच्या बर्गन शहरापर्यंत जाऊ लागली. पुढे ती रशियाच्या हद्दीजवळच्या किर्केनेसपर्यंत पोचली. १९३६ पासून रोज एक बोट सुटू लागली. चौतीस बंदरं ठरली. बोट पत्रं आणायची, पीठ आणायची, मासे घेऊन जायची. आजारी माणूस आणि अडलेली बाळंतीण याच बोटीने दवाखान्याच्या गावाला जायची. मुली शिकायला याच बोटीने निघायच्या. काही ठिकाणी बोट पंधरा मिनिटंच थांबते आणि तीही मध्यरात्री, पण थांबते. आपल्याकडे शेवटच्या वाडीला मुक्कामी येणारी एसटी असते ना, तशी ही त्यांची पाण्यावरची मुक्कामाची गाडी. दुसऱ्या महायुद्धात पाणसुरुंग आणि हल्ल्यांनी यातल्या अनेक बोटी बुडाल्या, शेकडो माणसं गेली. तरी लोकांनी जमेल तशी सेवा चालू ठेवली, कारण किनाऱ्याला दुसरा रस्ता नव्हता.

मग यात सहलीची जोडपी कुठून आली?

ती आधीपासून येतच होती, पण फार थोडी. नॉर्थ केपला नॉर्वे-स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर १८७३ साली जाऊन आला आणि त्या कड्याचं नाव झालं. १८७५ साली इंग्लंडच्या थॉमस कुक कंपनीने तिथे पहिली सहल नेली. तेव्हा रस्ता नव्हता. बोटीतून उतरायचं आणि दोराला धरून ३०७ मीटरचा चढ चढायचा. लांब झग्यातल्या बायकाही तो चढल्या. १९०७ साली सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे चुलालोंगकोर्न तिथे आले. त्यांनी नाव कोरलेला दगड आजही तिथे दाखवतात. राजे, सरदार, श्रीमंत व्यापारी आणि त्यांच्या बायका, असा तो काळ होता. नॉर्थ केपला गाडीरस्ता झाला १९५६ साली.

गावकऱ्यांच्या टपालबोटीत एखाद-दुसरं पाहुणं जोडपंही चढायचं. पुढे रस्ते झाले, विमानं आली. १९८४ मध्ये टपाल या बोटींवरून निघून विमानाने जाऊ लागलं. बोटी बंद पडायची वेळ आली. तेव्हा पाहुण्यांच्या पैशाचा आधार झाला. मोठ्या, आरामशीर बोटी बांधल्या. वरच्या मजल्यावर काचेची दालनं आणि खालच्या मजल्यावर गावाचा माल. सरकार आजही पैसे देतं, आणि त्या बदल्यात अट घालतं, की ठरलेल्या बंदरांना थांबायचं, गावच्या माणसाला न्यायचं. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून हे काम करतात. पाहुण्यांना ऊन बघायला आवडतं म्हणून लहान बंदर गाळून चालत नाही. बाजारावर सोडलं असतं तर बोट फक्त सुंदर ठिकाणी थांबली असती. करारावर ठेवली म्हणून ती गरजेच्या ठिकाणीही थांबते.

आणि ही सफर अगदी संथ असते. २०११ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने बर्गन ते किर्केनेस हा अख्खा प्रवास न कापता दाखवला, सलग १३४ तास. घडत काहीच नव्हतं. डोंगर जात होते, गाई दिसत होत्या, धक्क्यावर माणसं हात हलवत होती. तरी देशातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी कधी ना कधी तो कार्यक्रम लावला. काही न करता नुसतं पाहत बसण्याची भूक माणसाला असते, हे त्यातून दिसलं.

ती भूक बाईलाही असते. पण बाई अशी बसली की घरात विचारतात, "काम नाही का?" म्हणून आता शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

उत्तरेकडच्या या देशांत कामगारांना पगारी रजा कायद्याने मिळाली. स्वीडनमध्ये १९३८ साली दोन आठवडे. नॉर्वेत १९४७ साली तीन आठवडे. कामगाराला मालक रजा देणार, हे ठरलं. मग प्रश्न आला, की घर सांभाळणाऱ्या बाईचा मालक कोण? तिला रजा कोण देणार? नवऱ्याची सुट्टी आली की तिचं काम वाढतं, कारण तो दिवसभर घरी आणि वर चहा जास्त. सहलीला गेलं तरी डबे तीच भरते.

स्वीडनमध्ये हा प्रश्न बायकांच्या संघटनांनी उघडपणे मांडला. गृहिणीची रजा असा शब्दच त्यांच्या भाषेत तयार झाला. १९४६ पासून सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या गृहिणींना आणि मुलांना सुट्टीच्या प्रवासाचा खर्च द्यायला सुरुवात केली. गृहिणींसाठी विश्रांतीची घरं चालवली गेली. तिथे बाई काही दिवस राहायची, दुसऱ्याच्या हातचं जेवायची आणि झोपायची. घरकाम हे काम आहे, हे त्या देशाने अशा रीतीने मान्य केलं. ज्याला रजा लागते, त्यालाच काम म्हणतात.

आपल्याकडे ही सोय अगदीच नव्हती असं नाही. माहेरपण म्हणजे बाईची रजाच. दिवाळीला भाऊ न्यायला यायचा, चार दिवस आईच्या हातचं खायचं. पंढरीची वारी हीही कितीतरी बायकांची वर्षातली एकुलती एक मोकळी वाट आहे. पण आई-बाप गेले की माहेर आटतं, आणि वारीला घरातल्या सगळ्या जणींना एकदम निघता येत नाही. ज्या मैत्रिणीला माहेरच उरलं नाही, तिची रजा कुठली?

१७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीने बायकांना अर्धं तिकीट आहे. बाईच्या प्रवासाचा वाटा सरकारने उचलायचा, हा विचार आपल्याही राज्याने मान्य केला आहे. तरी आमच्या पाहणीत या तिकिटावर बायका बँकेत जातात, दवाखान्यात जातात, बाजाराला जातात. नुसतं बघायला, बसायला, फिरायला म्हणून निघालेली बाई क्वचित भेटते. तिकीट अर्धं झालं, पण घरातून निघायची परवानगी अजून पूर्ण मिळालेली नाही.

लिओनीने ज्या स्पिट्सबर्गेनला जाण्यासाठी सौदा केला, तिथे आज भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. ते २००८ साली सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था पाहते. आपल्या मुलींपैकी कुणी विज्ञान शिकून तिथे गेली, तर तिला लिओनीसारखी कुणाच्या ओळखीवर जागा मागावी लागणार नाही. अर्जावर मागता येईल. हा पावणेदोनशे वर्षांत पडलेला फरक आहे.

आपण नॉर्वेला जाऊ की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. येत्या मासिक बैठकीत कर्ज आणि हप्ते झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. प्रत्येकीने सांगायचं, की गेल्या वर्षभरात मी सलग किती दिवस चूल पेटवली नाही. आजारपणाचे आणि बाळंतपणाचे दिवस मोजायचे नाहीत. मग ठरवा, की वर्षातून दोन दिवस गटाने मिळून कुठे जायचं, समुद्रावर, धरणावर, किल्ल्यावर, कुठेही. महिन्याला प्रत्येकीने वीस रुपये बाजूला टाकले तर वर्षाला दोनशे चाळीस होतात. अर्ध्या तिकिटात जवळची जागा त्यात बसते. मागे घर कोण बघणार, हेही नावानिशी लिहून ठेवा. नवरा बघणार असेल तर त्याचं नाव लिहा, सासू बघणार असेल तर पुढच्या खेपेला सासूलाही घेऊन जा.

आणि हे सगळं वहीत नोंदवा. अंधारातली बोट वहीनेच चालली होती.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.